नानकटाईचा पत्रा आणि नाताळची सुट्टी



ह्या उकाड्यात नाताळच्या बिस्किटांवर बोलावयास उभा राहिलेला वक्ता पाहून आपणांपैकी काहींना हसू आले असेल. चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा किमान वेतन, गिरण्यांचे भवितव्य असे काहीतरी असावे. मी 'नाताळची नानकटाई' असे सांगितल्यावर फोनवर पलीकडे थोडा वेळ कोणी बोलेना. पण बेकरी कामगारांचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे, आणि भट्टीच्या दारात उभे राहून जे दिसते ते ह्या एका खाऊच्या निमित्ताने जितके नीट सांगता येईल, तितके वेतनाच्या तक्त्यावरून सांगता येणार नाही. मी शिकलेला मनुष्य नव्हे. दहावीनंतर गिरणीत लागलो. पुढचे जे वाचन झाले ते वाचनालयाच्या बाकावर, रात्रपाळीनंतर डोळे ताणून. तेव्हा विद्वत्तेची आशा ठेवू नये, एवढे आरंभीच सांगतो.

बिस्किट ही गोष्ट व्याख्यानमालेत आणावयास हलकी आहे असे कोणास वाटत असेल, तर त्यांना एक आठवण देतो. वसंत व्याख्यानमाला ही प्रथाच मुळी न्यायमूर्ती रानड्यांची. १८७५ साली पुण्यात त्यांनी ती सुरू केली, आणि गावोगावच्या आपल्या मालिका तिच्याच लेकी आहेत. त्याच रानड्यांना पुढे चहा आणि बिस्किट ह्यांच्यापायी प्रायश्चित्त घ्यावे लागले. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी शिष्टाचार म्हणून नुसता पेल्याला हात लावला. गोपाळराव जोशी नावाच्या खट्याळ गृहस्थाने हजर मंडळींची नावे वर्तमानपत्रात छापून आणली. त्यांत रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. झाले! ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, आणि १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. ज्या समाजात एका बिस्किटाने एवढ्या मोठ्या माणसाची जात जात होती, त्याच समाजात आज पहाटे उठून चहात टोस्ट बुडविल्याशिवाय आपला दिवस उजाडत नाही. मधली सव्वाशे-दीडशे वर्षे कोणी भट्टीपुढे उभे राहून काढली, हे मात्र आपण कधी विचारीत नाही.

आता नानकटाईकडे येऊ. ही आपल्या घरची की परक्यांची? सुरतेत एक हकीगत सांगतात. डच व्यापाऱ्यांची तेथे वखार होती आणि त्यांच्यासाठी पाव भाजणारी एक भट्टी होती. डच निघून गेले, भट्टी एका पारशी कारागिराकडे आली. गिऱ्हाईक आटले, पाव उरू लागले, वाळू लागले. आणि लोकांना ते वाळलेले, कुरकुरीत पावच आवडू लागले. त्यातून पुढे लोण्याचे बिस्किट आणि नानकटाई निघाली, असे म्हणतात. 'नान' म्हणजे फारसीत भाकरी, एवढे निश्चित. 'कटाई'च्या बाबतीत पंडितांचे एकमत नाही, आणि त्यांच्या भांडणात आपण पडू नये. मौज पुढे आहे. हेच डच लोक तिकडे अमेरिकेत, आज ज्याला न्यूयॉर्क म्हणतात तेथे, वसाहत करून होते. त्यांच्या भाषेत लहान केकला 'कूक्ये' म्हणत. अमेरिकेत आज ज्याला घरोघर 'कुकी' म्हणतात, तो शब्द त्या 'कूक्ये'वरूनच आला. तेव्हा न्यूयॉर्कच्या घरात नाताळला कुकीवर साखरेची नक्षी काढणारे पोर, आणि हिंगणघाटच्या घरात नानकटाईवर चारोळी दाबणारे पोर, ही दोन्ही एकाच आजीची नातवंडे आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

आपल्याकडचा ख्रिस्ती समाज मोठा नाही. नागपुरात स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ च्या सुमारास आले. ह्या गृहस्थांना धर्माइतकेच दगडांचे वेड होते. १८६३ साली टाकळघाटजवळची जुनी शिलावर्तुळे पाहावयास गेले असता परतताना नाल्याच्या पाण्यात ते बुडाले. टाकळघाट येथून फार लांब नाही. त्यांच्या मिशनमुळे, पुढे रेल्वेमुळे, गिरण्यांमुळे ख्रिस्ती कुटुंबे आपल्या मुलखात पसरली. तिकडे अहिल्यानगरला, तेव्हाच्या अहमदनगरला, अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली पोहोचले होते. तेथून जालन्यापर्यंतच्या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला काय होते, ठाऊक आहे? करंज्या, शंकरपाळे, चकल्या, लाडू, अनारसे! दिवाळीचा फराळ जसाच्या तसा, फक्त दोन महिने उशिरा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी येशूचे भजन अभंगात बांधले. घरातल्या बाईने नाताळ करंजीत बांधला. लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' आपण वाचले असेल. सोवळे एकदम सुटत नाही, थोडे थोडे कसे सुटत जाते, हे त्या माउलीने लिहून ठेवले आहे. पण करंजी सुटली नाही.

वसईच्या पट्ट्यात आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन वस्त्यांत करंजीला 'नेवरी' म्हणतात, आणि तिच्या जोडीला कुलकुल असतात. गोव्यात दोदोल, बेबिंक आणि रवा-नारळाची 'बोलिन्या' नावाची बिस्किटे. त्यांवर काट्याने आडव्या-उभ्या रेघा काढतात. बदामाच्या पिठीची जी मिठाई युरोपात करतात, ती मुंबईकडच्या बायांनी काजूची केली आणि रबराच्या साच्यांत दाबून तिची फुले-पाने काढली. मंगळूरकडे ह्या सगळ्या खाऊला मिळून कुस्वार म्हणतात. प्रत्येक ठिकाणी ताट भरून शेजारी द्यावयाचे, हा नियम मात्र एकच.

कुलकुल कसे करतात ते मी माझ्या एका ख्रिस्ती सहकाऱ्याच्या घरी पाहिले, आणि ते जरा सविस्तर सांगतो. तो गिरणीत फिटर होता. त्याच्या घरची मूळ मंडळी वसईकडची. मैदा, थोडा रवा, अंडे, नारळाचे दूध ह्यांची कणीक मळून ठेवलेली. भोवती सगळे घर बसलेले: म्हातारी, सून, फिटर स्वतः, त्याचे दोन भाऊ, पाच-सहा पोरे. प्रत्येकाच्या हातात एक नवा कोरा कंगवा किंवा जेवणाचा काटा. बोराएवढी गोळी कंगव्याच्या दात्यांवर अंगठ्याने दाबावयाची आणि गुंडाळत आणावयाची, म्हणजे तिच्या अंगावर शंखासारख्या रेघा उठतात. मग त्या तळून साखरेच्या पाकात घोळवावयाच्या. काम अगदी सोपे, पण संपता संपत नाही. एका माणसाने करावयाचे म्हटले तर रात्र पुरणार नाही. म्हणून ते एका माणसावर कोणी टाकीतच नाही. म्हातारी एकीकडे गोष्टी सांगत होती, पोरे कोणाचा शंख चांगला ह्यावर भांडत होती, आणि गिरणीत ज्याचे तोंड कधी उघडत नसे तो आमचा फिटर तेथे गात बसला होता. मलाही कंगवा मिळाला. माझे शंख चपटे झाले, ते पोरांनी वेगळ्या वाटीत ठेवले.

त्याच घराची दुसरी आठवण आहे. माझे वडील वारले त्या वर्षी दिवाळीला आमच्या घरी कढई चढली नाही. तशी रीतच आहे. नातेवाइकांकडून थोडे आले ते पोरांना दिले. डिसेंबरात, चोवीस तारखेच्या रात्री, फिटरचा मोठा मुलगा सायकलवरून ताट घेऊन आला. वर विणलेला रुमाल, आत करंज्या, कुलकुल आणि नानकटाई. नानकटाईंवर पोरांनी काहीबाही केलेले होते: एकीवर टुटीफ्रुटीचा तारा, एकीवर किल्लीचा ठसा, एकीवर काडीने खुपसून 'आ' काढलेला. माझ्या आईने तो 'आ' बराच वेळ पाहिला. तिला अक्षरओळख नव्हती. काय लिहिले म्हणून तिने विचारले, मी सांगितले, 'आजी' लिहावयाचे असेल, जागा पुरली नाही. ती नानकटाई तिने खाल्ली नाही, डब्यात ठेवली. मुंग्या लागेपर्यंत ती डब्यात होती.

नानकटाई घरी करणे अवघड नाही. एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा, हे जुने वाटीचे माप. वेलदोडा, चिमूटभर खाण्याचा सोडा. कोणी मैद्यात थोडे बेसन किंवा रवा घालतात. खरी मेहनत तुपाची आहे. थिजलेले तूप परातीत तळहाताने फेटावयाचे, पांढरेशुभ्र आणि हलके होईपर्यंत. ह्यात पाण्याचा थेंब पडता कामा नये. पाणी मिळाले की मैद्याला चिवटपणा येतो, आणि चपातीला जो चिवटपणा हवा तोच नानकटाईचा शत्रू. तूप पिठाच्या कणांना वेढून बसते, त्यांना एकमेकांचा हात धरू देत नाही. म्हणून नानकटाई तोंडात घातली की विरघळते. संघटना बांधणाऱ्याने हे उदाहरण देऊ नये, पण वस्तुस्थिती अशी आहे.

१९३७ साली डालडा बाजारात आला आणि तुपाची जागा त्याने घेतली. बेकरीवाल्यांना ते सोयीचे झाले, गरिबालाही नानकटाई परवडू लागली. गांधीजींना हे वनस्पती तूप मुळीच मान्य नव्हते. आपल्या वर्ध्याच्या मगनवाडीत जोसेफ कुमारप्पा राहत, त्यांना तर नाहीच नाही. कुमारप्पा तंजावरचे ख्रिस्ती गृहस्थ, लंडनला हिशेबनीस झालेले, अमेरिकेत अर्थशास्त्र शिकलेले. १९३४ साली ग्रामोद्योग संघ निघाला आणि तो सांभाळण्यासाठी ते वर्ध्यास आले. हातदळीचे पीठ, घाणीचे तेल, गूळ, ह्यांसाठी त्यांनी आयुष्य वेचले. त्यांच्यापुढे मैदा, पांढरी साखर आणि डालडा ह्यांची नानकटाई ठेवली असती तर ती तिन्ही विषयांत नापास झाली असती. कणीक, गूळ आणि घरचे तूप घेऊनही नानकटाई होते. रंगाने काळसर, चवीला खमंग. आमच्या घरी आता तीच करतात. डॉक्टरांनी सांगितले म्हणून, कुमारप्पांनी सांगितले म्हणून नव्हे, हे कबूल केले पाहिजे.

करणे सोपे, भाजणे अवघड. पूर्वी घरात ओव्हन कोणाकडे होता? कढईत वाळू घालून वर झाकण ठेवणे, किंवा शिटी काढलेल्या कुकरात मीठ पसरून त्यावर ताटली ठेवणे, ह्या युक्त्या होत्या. पण एका वेळी आठ-दहा निघावयाच्या. म्हणून महाराष्ट्रातल्या गावोगावी जी रीत पडली ती आपणां सर्वांना ठाऊक आहे. सामान घेऊन बेकरीवर जावयाचे, किंवा घरी नानकटाया वळून, पत्र्यावर मांडून, पत्रा डोक्यावर घेऊन भट्टीवर न्यावयाचा. दिवाळीत, मुलांच्या परीक्षा संपल्यावर, नाताळात. पत्र्याच्या कोपऱ्यात नावाची चिठ्ठी, किंवा पिठाचीच काहीतरी खूण. किलोमागे मजुरी ठरलेली. आपले पत्रे कोणाच्या पत्र्यांबरोबर आत गेले, हे कोणी विचारीत नसे. पंचहौद प्रकरणाचा खरा निकाल कोणत्याही शंकराचार्यांनी दिला नसेल. तो भट्टीच्या पोटात लागला.

भट्टीचे शास्त्र थोडे सांगतो, कारण त्यावर पुढचे सारे अवलंबून आहे. विटांची घुमटी भट्टी. आत लाकूड पेटवून तीन-चार तास तापवावयाची. मग निखारे-राख ओढून काढावयाची, ओल्या गोणपाटाने तळ पुसावयाचा. आग आता नाही, पण विटांत उष्णता भरून राहिली आहे. पहिल्या कडक धगीत पाव. धग उतरू लागली की बिस्किटे आणि नानकटाई, कारण त्यांना मंद आच लागते. शेवटच्या कोमट उष्णतेत टोस्ट वाळतात. म्हणजे तुमच्या-माझ्या घरचा पत्रा भट्टीत जातो तो रात्रभर पाव काढून झाल्यावर, सकाळी. पत्रे आत सारणारा मनुष्य रात्री दहा-अकरापासून तेथे उभा असतो. बिस्किटात अमोनिया घातलेला असेल, तर दार उघडताच त्याचा भपकारा थेट त्याच्या नाकाडोळ्यांत जातो. आपल्याला नंतर फक्त वेलदोड्याचा वास येतो.

ही रात्र आजची नव्हे. मार्क्सने 'भांडवल' ह्या ग्रंथात, १८६७ साली, लंडनच्या बेकरी कामगारांवर चांगली काही पाने लिहिली आहेत. त्यांचे काम रात्री अकराच्या सुमारास सुरू होई आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतरही संपत नसे. पार्लमेंटने चौकशी करविली; तीत कामगारांच्या हालांपेक्षा पावातली तुरटी आणि कोळ्याची जाळी वाचून लंडनकर अधिक खवळले, असे दिसते. १८६३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना रात्री नऊ ते पहाटे पाच काम देण्यास बंदी झाली, इतकेच. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने १८९५ साली बेकरीत दिवसाला दहा तास आणि आठवड्याला साठ तास अशी मर्यादा घातली. लॉकनर नावाच्या एका बेकरीमालकाने ती वरिष्ठ न्यायालयात नेली, आणि १९०५ साली पाच विरुद्ध चार मतांनी न्यायाधीशांनी सांगितले की वाटेल तितके तास राबण्याचा करार करणे हे कामगाराचे स्वातंत्र्य आहे! ह्या स्वातंत्र्यावर मी वेगळे व्याख्यान देईन.

१९२५ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने रात्रीच्या भाजणीविरुद्ध एक करार मंजूर केला. पाव, केक आणि तत्सम पदार्थ रात्री करण्यास बंदी. कामगाराला आणि मालकालाही. पण त्यात दोन अपवाद आहेत, आणि ते मी पहिल्यांदा वाचले तेव्हा थबकलो. एक, बिस्किटांचे मोठे कारखाने ह्या करारातून वगळले. त्याचे कारण समजावयास फार बुद्धी लागत नाही. दुसरा अपवाद असा की, एकाच घरातली माणसे स्वतःच्या खाण्यासाठी जे भाजतील, त्याला ही बंदी लागू नाही. मला हे कलम फार आवडते. जिनिव्हाच्या सभागृहात टाय लावून बसलेल्या त्या मंडळींना समजले होते की पीठ तेच, साखर तीच, रात्रीचे बारा तेच. पण आपल्या पोराबाळांत बसून नानकटाई वळणे ही एक गोष्ट, आणि दुसऱ्याच्या पत्र्यापुढे पगारासाठी उभे राहणे ही दुसरी. पहिलीला जाग्रण म्हणतात, दुसरीला रात्रपाळी.

मात्र त्या घरगुती अपवादावर माझा एक आक्षेपही आहे. 'घरातली माणसे' म्हणजे कोण? आपल्याकडे दिवाळीत चूल संभाळणारी माउली रात्री एकपर्यंत चकल्या तळते, आणि आपण पुरुषमंडळी मीठ बरोबर आहे की नाही हे सांगावयास स्वयंपाकघरात जातो. तिची ती रात्रपाळीच झाली, फक्त हजेरीपट नाही. म्हणून मला कुलकुलांची रीत सरस वाटते. तेथे फिटरला कंगवा धरावा लागतो. नानकटाईचे तूप फेटणे हे तर मनगटाचे काम आहे; गिरणीतल्या, शेतातल्या माणसाला ते उत्तम जमेल. आमच्या सभासदांना मी हे सांगितले, तेव्हा सभेत हशा झाला. बाया मात्र हसल्या नाहीत.

आता ज्यासाठी एवढे दळण दळले, तेथे येतो. २०१७ चा महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा कायदा आहे. त्यात आठ पगारी सुट्ट्या दिल्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर ह्या चार ठरलेल्या. उरलेल्या चार सणांच्या, मालक आणि कामगार ह्यांनी आपसात ठरवावयाच्या. एका दुकानाला जोडलेल्या बेकरीत अकरा कामगार. हिंदू, बौद्ध, तीन मुसलमान आणि एक ख्रिस्ती. चार सुट्ट्या ठरवावयास आम्ही बसलो. पोळा पाहिजे, दिवाळी पाहिजे, दसरा पाहिजे. कोणाला धम्मचक्र प्रवर्तनदिन, कोणाला आंबेडकर जयंती. ईद तर दोन. यादी चौदावर गेली. प्रत्येकाचे म्हणणे रास्त, आणि जागा चारच. मग भट्टीवरचा तो ख्रिस्ती गडी, जो एरवी बैठकीत मागे बसून विडी ओढतो, तो उभा राहिला. म्हणाला, "भाऊ, पोळ्याची द्या, दिवाळीची द्या, मी काई बोलत नाई. पण मले पंचवीस तारखेले घरी राहू द्या. माये लेकरं पत्रा घेऊन भट्टीवर येतात, अन् म्या तो उचलून आत घालतो. त्याइच्यासंगं बसून म्या एक बी नानकटाई वळली नाई आतालोक."

वीस वर्षे तो मनुष्य नाताळच्या आदल्या रात्री भट्टीवर उभा होता. गावातल्या सगळ्या घरांचे पत्रे त्याच्या हातून गेले. त्यांत त्याच्या घरचाही असे, आणि तो त्याला पोरांनी पिठात केलेल्या खुणेवरून ओळखता येई.

मालक वाईट मनुष्य नव्हे. त्याची अडचण खरी होती. केकची वर्षातली सर्वांत मोठी विक्री चोवीस आणि पंचवीस तारखेला. पूर्वी केक ख्रिस्ती घरांपुरता होता. आता नाताळला केक सगळ्यांनाच लागतो, आणि लागावा, सण वाढले तर वाईट काय? पण सण सगळ्यांचा झाला की ज्याचा तो मुळात होता, त्याच्याच वाट्याला तो येत नाही, असा हा उलटा न्याय. मालक म्हणाला, हाच एक मनुष्य धग ओळखतो. हाच नसेल तर मी पाव जाळू काय? ह्यावर आमच्या तीन मुसलमान सभासदांपैकी वयस्क होता तो म्हणाला, ईदच्या दिवशी हाच माझ्या जागी उभा राहतो, तेव्हा पंचविसाला मी धग पाहीन. जळाले तर माझ्या पगारातून कापा. कापण्याची वेळ येणार नाही, असे मी मध्ये पडून लिहून घेतले. कारण असली औदार्याची वाक्ये पुढच्या वर्षी मालकाच्या वहीत नियम होऊन बसतात.

शेवटी ठरले ते असे. तीन सुट्ट्या सगळ्यांच्या एक. चौथी ज्याची त्याने वर्षारंभी लिहून द्यावयाची. डिसेंबरातले जादा काम १५ ते २३ तारखांत पुरे करावयाचे, आणि जादा तासांना कायद्याप्रमाणे दुप्पट मजुरी. केक तीन-चार दिवस आधी केला तर बिघडत नाही, उलट मुरतो. हे मालकालाच आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होते.

हे मी कागदावर करून घेतले, त्याला कारण आहे. ह्या आठ सुट्ट्या ज्या कायद्यात आहेत, तो दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होत असे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो दहाचा आकडा वीसवर नेण्याचा निर्णय घेतला. धंदा सुलभ व्हावा म्हणून, असे सांगितले. आमची अकरा माणसांची भट्टी रेषेच्या आत होती, ती ह्या एका निर्णयाने रेषेच्या बाहेर गेली. वडनेर-हिंगणघाटकडे वीस माणसांची बेकरी किती निघेल, हे आपण नागपूर-हैदराबाद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर टाकून मोजावे. आकडा एका ओळीत बदलला, आणि त्या ओळीखाली किती घरांची पंचवीस तारीख दबली, ते कोणत्याही परिपत्रकात लिहिलेले नाही. आता उरतो तो आपसातला करार, आणि तो पाळावयास लावणारी माणसे.

दुसरेही एक संकट भट्टीवर आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिकडच्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनाकडे वळावयास सांगितले. मी ह्याच्या विरुद्ध नाही. धूर शहराच्या फुप्फुसात जाण्यापूर्वी भट्टीवाल्याच्या फुप्फुसात जातो. पण लहान मालकाला नवी भट्टी कोण बांधून देणार, आणि धग ओळखणारा तो हात बटण दाबावयास ठेवतील की घरी पाठवतील, हे प्रश्न न्यायालयाच्या कागदात नसतात. उद्या तो हुकूम इकडे आला, तर आधी हेच विचारावे लागेल.

करारात शेवटचे एक कलम आहे. ते आमच्या सभासदांनीच सुचविले. २४ डिसेंबरला दुपारी दोनला गिऱ्हाइकांचे पत्रे घेणे बंद. त्यानंतर भट्टीत जी उरलेली धग असते, पाव काढून झाल्यावरची, नानकटाईला बरोबर लागणारी, ती त्या दिवशी कामगारांच्या घरची. मालकाने विचारले, लाकूड कोणाच्या पैशाचे? आम्ही म्हटले, लाकूड तुमच्या पावाने केव्हाच वसूल केले आहे. तो हसला आणि त्याने सही केली. पहिल्या वर्षी अकरापैकी सात घरांचे पत्रे आले. त्यांत दोन बुरखेवाल्या बाया होत्या, एक म्हातारी होती, आणि त्या भट्टीवाल्याची दोन्ही पोरे त्याच्याबरोबर पत्र्याची एकेक बाजू धरून आली होती. पत्रा आत सारावयास तो पुढे झाला, तेव्हा दुसऱ्याने त्याच्या हातातली लांब दांड्याची फळी काढून घेतली आणि त्याला बाहेर बाकावर बसविले. तो बसला, पण दर दोन मिनिटांनी उठून धग पाहून येत होता.